कऱ्हाडहून उडताना: फ्लाइट प्लॅनिंग ॲपमधले हवामानाचे लेअर कसे निवडायचे आणि एकावर एक कसे चढवायचे

जून महिना, कऱ्हाड ते बारामती, विमान ९५ नॉटचं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). ॲपमध्ये वाऱ्याचा लेअर चालू केला, पण उंचीची पट्टी 'जमिनीवर'च राहिली. वारा दिसला २८० अंशांवरून १२ नॉट. प्रवासाची दिशा साधारण ०२२ अंश, म्हणजे वारा जवळजवळ काटकोनात डावीकडून येतो. हिशेब केला तर नाक सात अंश डावीकडे ठेवायचं. आता तीच पट्टी ८५० हेक्टोपास्कलवर (दाबाने सांगितलेली उंची, साधारण ५,००० फूट) न्या, कारण जायचं आहे ५,५०० फुटांवर. पावसाळ्याच्या तोंडाला तिथे २८० वरून ३० नॉट दिसणं अगदी नेहमीचं. मग दुरुस्ती लागते अठरा अंशांची. सात अंश धरून निघालात आणि वाटेत काहीच सुधारलं नाही, तर ६१ सागरी मैलांच्या प्रवासाच्या शेवटी बारामती डावीकडे वीसेक किलोमीटरवर राहून जाते. लेअर बरोबर होता, आकडाही बरोबर होता, फक्त उंची चुकली होती.

म्हणून कुठलाही लेअर चालू करण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारायचे. हे मोजलेलं आहे की मॉडेलने, म्हणजे संगणकाच्या गणिताने, मांडलेलं? कुठल्या उंचीचं? कुठल्या वेळचं? तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर तो लेअर बंद ठेवायचा.

मोजलेलं आणि मांडलेलं

मेटार (विमानतळावरची हवामानाची नोंद), उपग्रहाचं चित्र, रडार आणि विजांच्या नोंदी ही मोजलेली माहिती. वाऱ्याचे रंगीत नकाशे, पावसाचा अंदाज, ढगांचा तळ, केप (वादळाला मिळू शकणाऱ्या ऊर्जेचं माप) आणि दृश्यमानता हे सगळं मांडलेलं. टॅफ या दोन्हींच्या मधला. तो माणसाने बसून केलेला अंदाज असतो आणि त्या एका विमानतळापुरताच असतो. ॲपमध्ये हे सगळं एकाच यादीत, एकाच आकाराच्या बटणांनी दिसतं, त्यामुळे फरक नजरेतून सुटतो.

यात सर्वांत जास्त फसगत रडारमध्ये होते. बऱ्याच ॲपमध्ये वेळेची पट्टी 'आत्ता'च्या पुढे ओढली की रडारचं मोजलेलं चित्र संपून अंदाज सुरू होतो, पण रंग तेच राहतात. काही ॲप तर जिथे रडार पोहोचत नाही तिथे उपग्रहावरून काढलेला पाऊस भरतात. तेव्हा एकदा रडारच्या पोहोचीचा नकाशा उघडून सातारा-सांगली त्यात कुठे बसतात ते पाहून ठेवा.

पोहोच आहे असं दिसलं तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हवामान खात्याची मुंबई आणि गोव्याची रडारं कऱ्हाडपासून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब आहेत. रडारचा किरण सरळ जातो, पृथ्वी मात्र खाली वळत जाते. अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेला किरण २०० किलोमीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे चार किलोमीटर उंच गेलेला असतो, २३० किलोमीटरवर पाच. घाटमाथ्यावरचा पावसाळी ढग पुष्कळदा याहून ठेंगणा असतो. महाबळेश्वर, कोयनानगर, पाटण भिजत असतं आणि रडारवर तिथे काहीच नसतं. उलट मे महिन्यातला वळवाचा ढग दहा-बारा किलोमीटर वर जातो, तो याच रडारवर ठळक दिसतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये रडार वरच्या नंबरावर, आणि जुलैमध्ये रडार कोरं दिसलं म्हणून घाटाकडे जायचं नाही.

ॲप आधी नीट लावून घ्या

हे एकदाच करायचं काम आहे, पण बरेच जण ते टाळतात.

१. वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवा. मेटार, टॅफ, सिग्मेट (धोक्याच्या हवामानाचा इशारा) आणि मॉडेलच्या फेऱ्या सगळं यूटीसीत असतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे सकाळी ७ चं उड्डाण ०१३० यूटीसीचं. तो अर्धा तास विसरला जातो. मॉडेलची तीन-तीन तासांची पावलं आपल्याकडे ५:३०, ८:३०, ११:३०, २:३० अशी पडतात. सात वाजताचं चित्र ॲपने दोन पावलांमधून काढलेलं असतं.

२. वारा नॉटमध्ये, उंची फुटांत, दाब हेक्टोपास्कलमध्ये. काही हवामान ॲप सुरुवातीला मीटर प्रति सेकंद दाखवतात. १० मीटर प्रति सेकंद म्हणजे जवळजवळ १९ नॉट. हा आकडा नॉट समजून वाचला तर वारा निम्मा वाटतो.

३. रंगांची पट्टी कायमची ठरवून टाका. काही ॲप स्क्रीनवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याप्रमाणे रंग बदलतात. झूम केलं की तोच वारा पिवळ्याचा लाल होतो. ही सोय बंद करा.

४. वारा हलत्या रेघांनी दाखवू नका, वाऱ्याच्या बाणांनी दाखवा. अर्धी रेघ ५ नॉट, पूर्ण रेघ १०, भरीव त्रिकोण ५०. हलत्या रेघा सुंदर दिसतात, पण त्यातून आकडा वाचता येत नाही.

५. डोंगरांचा रंग फिका करा किंवा फक्त समोच्च रेषा ठेवा. तपकिरी सह्याद्रीवर पिवळा वारा चढवला की दोन्ही वाचता येत नाहीत.

आता चढवण्याचा मुख्य नियम: रंग भरणारा लेअर एका वेळी एकच. बाकीचे रेघा, बाण, बिंदू किंवा नुसत्या कडांच्या आकृत्या असावेत. वाऱ्याचा निळा रंग आणि त्यावर पावसाचा पिवळा, दोन्ही अर्धपारदर्शक केले की मधे हिरवा तयार होतो. हिरवा दोन्ही पट्ट्यांवर 'सौम्य' या अर्थाने बसलेला असतो. म्हणजे जिथे जोराचा पाऊस आणि मध्यम वारा आहे नेमकं तिथेच नकाशा शांत दिसतो. पारदर्शकता कमीजास्त करून हे सुटत नाही, दुसरा रंग बंदच करावा लागतो.

चढवण्याचा क्रम असा ठेवावा: सर्वांत खाली भूभाग आणि अडथळे, त्यावर तुमचा मार्ग, मग उड्डाणाच्या उंचीवरच्या वाऱ्याचे बाण, त्यावर एकच रंगीत लेअर, त्यावर मेटारचे बिंदू आणि सगळ्यांच्या वर सिग्मेटच्या आकृत्या. मोजलेलं नेहमी मांडलेल्याच्या वर. मेटारचा बिंदू आणि त्याच्याखालचा रंग एकमेकांशी जुळत नसतील, तर ते तिथल्या तिथे दिसलं पाहिजे. लेअर एकावर एक चढवायचे ते याचसाठी.

अडथळ्यांचा लेअर सुट्टी देण्याजोगा नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत, सांगलीकडे ढालगावच्या बाजूलाही आहेत. ढगांचा तळ खाली आला की त्यांची टोकं ढगात जातात.

उंची: इथेच सर्वांत जास्त चुका होतात

मॉडेल उंची फुटांत मोजत नाही, दाबात मोजतं. आपल्या भागासाठी हे आकडे जवळ ठेवा: ९२५ हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २,४०० फूट, ९०० म्हणजे ३,१०० ते ३,३००, ८५० म्हणजे ४,७०० ते ५,०००, ८०० म्हणजे ६,५०० आणि ७०० म्हणजे १०,००० फूट. सगळं समुद्रसपाटीपासून. पावसाळ्यात दाब कमी असतो तेव्हा प्रत्येक पातळी थोडी खाली येते.

आता हे जमिनीशी ताडून बघा. कऱ्हाडची धावपट्टी १,९०० फुटांच्या आसपास, म्हणजे ९२५ ची पातळी डोक्यावर जेमतेम पाचशे फूट. सर्किटमधल्या (धावपट्टीभोवतीच्या फेरीतल्या) वाऱ्यासाठी ती चालते. महाबळेश्वर ४,५०० फुटांवर आहे, पाचगणी ४,२०० च्या वर. तिथे ९२५ आणि ९०० या दोन्ही पातळ्या डोंगराच्या पोटात आहेत. तरीही ॲप तिथे बाण काढून दाखवतं! तो वारा गणिताने ओढून नेलेला असतो, प्रत्यक्षात तिथे दगड आहे. ज्या पातळीला जमीन छेदते तिथले बाण वाचायचे नाहीत. घाटमाथ्यासाठी ८५० आणि ८०० हीच जोडी धरायची.

दुसरी गोम ढगांच्या तळाची. मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून असते. ॲपमधला 'ढगांचा तळ' कधी जमिनीपासून, कधी समुद्रसपाटीपासून असतो. लेअरच्या माहितीत ते एकदा वाचून घ्या. समजा कोल्हापूरच्या मेटारमध्ये बीकेएन०२० आहे, म्हणजे २,००० फुटांवर आकाश बरंचसं झाकणारे ढग. कोल्हापूर विमानतळ सुमारे २,००० फुटांवर, म्हणजे तळ समुद्रसपाटीपासून ४,००० फूट. पाचगणीचं टेबललँड त्या वेळी ढगात आहे. व्हीएफआरने (बाहेर बघून उडण्याच्या नियमांनी) ढगाखाली १,००० फूट अंतर ठेवायचं म्हणजे तुम्हाला कमाल ३,००० फूट मिळतात. बारामतीच्या वाटेवरची महादेव डोंगररांग तीन हजारांच्या वर जाते. कोल्हापूरचा मेटार वाचूनच कळतं की आज त्या मार्गाने जाता येणार नाही.

मॉडेलचा ढगांचा तळ खरा वाटतो का, हे हातानेही पडताळता येतं. तापमान वजा दवबिंदू, गुणिले ४०० फूट. २५ आणि २३ असेल तर ८०० फूट. मे महिन्यातले ३६ आणि १६ असतील तर ८,०००. हा हिशेब दुपारी, उन्हाने वर चढून बनणाऱ्या ढगांसाठी आहे. मॉडेल आणि हा आकडा यांत हजार-दीड हजार फुटांचा फरक निघाला तर खालचा आकडा धरा.

कुठलं मॉडेल

बऱ्याच ॲपमध्ये निदान दोन मॉडेल मिळतात. अमेरिकेच्या जीएफएसची ॲपमधली जाळी, म्हणजे गणिताच्या एका चौकटीची रुंदी, २२ ते २८ किलोमीटरची असते, जर्मनीच्या आयकॉनची १३, युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलची ९. भारतीय हवामान खात्याने २६ मे २०२५ पासून भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू केली, तिची जाळी ६ किलोमीटरची. ती पुण्याच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) तयार झाली. तिचे नकाशे तुमच्या ॲपमध्ये नसले तरी वेगळे उघडून शेजारी ठेवावेत.

जाळीचा आकडा म्हणजे दिसण्याची ताकद, असं मात्र नसतं. एखादी गोष्ट मॉडेलला नीट दिसायला जाळीच्या चार-पाच चौकटी लागतात. सहा किलोमीटरच्या जाळीला पंचवीस-तीस किलोमीटरची गोष्ट दिसते. वाईचं खोरं, म्हणजे एका बाजूला पाचगणीची सोंड आणि दुसऱ्या बाजूला मांढरदेवीचा डोंगर, त्याहून खूप अरुंद आहे. जीएफएसच्या जाळीत तर कोकणातली खालची जमीन आणि घाटमाथा एकाच चौकटीत येतात आणि त्यांची सरासरी निघते. सह्याद्रीची भिंत मॉडेलमध्ये बुटक्या उतारासारखी होते.

याचे परिणाम ठरलेल्या दिशेने होतात, म्हणून त्यांची दुरुस्ती करता येते. खडबडीत मॉडेल घाटमाथ्यावरचा पाऊस कमी दाखवतं आणि तो पूर्वेकडे पसरवतं. प्रत्यक्षात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत माणमध्ये पाचशेच्या आसपास. मॉडेलमध्ये ही उतरंड इतकी तीव्र नसते. घाटमाथ्यावरचा जमिनीलगतचा वाराही ते कमी दाखवतं. आणि डोंगराच्या आडोशाला, म्हणजे पूर्वेच्या उतारावर, खाली दाबली जाणारी हवा आणि तिचा खळखळाट ते दाखवतच नाही. त्यासाठी लेअर शोधू नका. ८५० वर डोंगराला आडवा वारा २० ते २५ नॉटच्या वर दिसला की पाटण, मेढा, वाई या खोऱ्यांतून जायचं नाही, एवढं पुरतं. डोंगर ओलांडायचाच असेल तर माथ्यावर २,००० फूट ठेवून, डोंगररांगेला ४५ अंशांत तिरकं जा, म्हणजे मागे वळायला वाट राहते.

दोन मॉडेल एकमेकांवर चढवू नका, शेजारी ठेवा. आणि त्यांची सरासरी तर कधीच काढू नका. एक मॉडेल वादळ विट्यावर दाखवतं, दुसरं जतवर. सरासरीत दोन्हीकडे हलका पाऊस येतो आणि वादळ कुठेच उरत नाही. उड्डाणाच्या उंचीवर दोघांत १० नॉट किंवा ३० अंशांहून जास्त फरक असेल, किंवा पावसाच्या वेळेत तीन तासांहून जास्त, तर दोघांपैकी वाईट धरा आणि इंधनाचा हिशेब त्यावर करा.

फेरीची वेळ पाहायला विसरू नका. मॉडेल दिवसातून दोन किंवा चार वेळा चालतं, पण निकाल यायला वेळ लागतो: जीएफएसला साधारण चार-पाच तास, युरोपीयला सहा-सात. पहाटे साडेपाचला तुम्ही ॲप उघडता तेव्हा हातात जीएफएसची रात्री साडेअकराची फेरी असते आणि युरोपीय मॉडेलची बहुधा आदल्या संध्याकाळी साडेपाचची. रात्री वीज कडाडून गेली असेल तर ती या दुसऱ्या फेरीला ठाऊकच नाही. जुन्या फेरीतही नकाशा तितकाच चकचकीत दिसतो, म्हणून कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा.

हिवाळ्याची सकाळ आणि कृष्णेचं धुकं

डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठचं धुकं हा वेगळाच विषय आहे. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम, तिथून सांगलीपर्यंत नदी, दोन्ही काठांना पाणी पाजलेला ऊस. रात्री आकाश निरभ्र, वारा तीन-चार नॉटच्या खाली आणि तापमान-दवबिंदूतलं अंतर दोनवर आलं की धुक्याची पूर्ण तयारी झाली. ही पट्टी कधी कधी एखाद-दोन किलोमीटरच रुंद असते. नऊ किलोमीटरच्या चौकटीला ती दिसणार नाही, त्यामुळे दृश्यमानतेच्या लेअरवर इथे भिस्त ठेवता येत नाही.

उपग्रहाचं नेहमीचं रात्रीचं चित्र इथे आंधळं असतं. इन्फ्रारेड चित्र तापमान मोजतं, आणि धुक्याचा माथा आणि बाजूची जमीन जवळजवळ सारख्याच गार असतात. म्हणून चित्रात सगळं मोकळं दिसतं. हवामान खातं इन्सॅटच्या दोन तरंगलांबींमधल्या फरकावरून रात्रीच्या धुक्याचं वेगळं चित्र काढतं, ते उघडा. सूर्य वर आला की साधं दृश्य प्रकाशाचं चित्र सर्वांत चांगलं: नदीच्या वळणांबरहुकूम पांढरी दोरी पडलेली दिसते आणि कडेकडून ती आत वितळत जाते. अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन चित्रं पुढेमागे करून बघितली की वितळण्याचा वेग कळतो.

याच दिवसांत उसाच्या फडातलं पाचट पेटवलेलं असतं. तो धूर वर सांगितलेल्या मॉडेलमध्ये दिसत नाही. हवा वर चढत नसते तेव्हा तो शे-दोनशे फुटांवर चादरीसारखा पसरतो. साखर कारखान्याच्या चिमणीकडे बघा. धूर थोडा वर जाऊन एकदम आडवा, सपाट झाला तर वर उबदार हवेचं झाकण बसलेलं आहे, आणि त्या झाकणाखाली दृश्यमानता सुधारायला ऊन तापावं लागेल. धूर ज्या दिशेला झुकतो तो त्या उंचीचा खरा वारा, मॉडेलच्या बाणाशी ताडून बघायला याहून चांगलं साधन जवळपास नाही.

कऱ्हाडसाठी ॲप जवळचा मेटार म्हणून कोल्हापूर किंवा पुणे दाखवतं. कोल्हापूर सत्तर किलोमीटर दक्षिणेला, पुणे एकशे चाळीसच्या वर उत्तरेला. धुक्यासाठी यातला एकही कामाचा नाही. पुण्यात पाच किलोमीटर दृश्यमानता असताना संगमावर समोरचं झाड दिसत नाही, असं होतं. धावपट्टीवरच्या माणसाला फोन करून ओळखीची खूण दिसते का विचारा, आगाशिवचा डोंगर दिसतो का, सदाशिवगड दिसतो का. या खुणांची अंतरं नकाशावर आधीच मोजून ठेवा, म्हणजे त्याच्या उत्तराचा किलोमीटरमध्ये अर्थ लागतो.

एप्रिल-मे आणि वळीव

या दोन महिन्यांत रंगीत लेअर म्हणून सकाळी केप निवडा. १,००० च्या खाली असेल तर जोर कमी, १,००० ते २,५०० मध्यम, वर असेल तर गारपिटीपर्यंत मजल जाते. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगायला नको. पण केप म्हणजे नुसतं रचलेलं सरपण. ते पेटेल का, हे बघायला केप बंद करून ९०० किंवा ८५० चा वारा लावा आणि मराठवाड्याकडून कर्नाटकात उतरणारी अशी रेषा शोधा जिथे पश्चिमेचे आणि पूर्वेचे वारे एकमेकांना भिडतात. ती रेषा तुमच्या मार्गाच्या पन्नास-साठ किलोमीटरच्या आत असेल आणि ७०० ला हवा दमट असेल, तर दुपारी दोनच्या आत विमान जमिनीवर परत आलेलं असावं.

दुपारी रंगीत लेअर बदला. आता अंदाजाला अर्थ उरत नाही, रडार आणि विजांच्या नोंदी लावा. आयआयटीएमचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजांचा इशारा देतं. रडारवर ४० डीबीझेडच्या (पावसाच्या जोराचं रडारचं माप) वरचा ठिपका, त्याच्या कडेपासून २० सागरी मैल मोकळे ठेवायचे. ढग अजून लांब असतानाच त्यातून खाली कोसळलेला गार वारा पुढे धावत येतो, माण-खटावात तो धुळीची भिंत घेऊन येतो, आणि धावपट्टीवरचा वारा दोन मिनिटांत उलटा होतो. हा वारा कुठल्याच लेअरमध्ये दिसत नाही. मेटारमध्ये सीबी (वादळी ढग) ही दोन अक्षरं दिसली, मग ढग एफईडब्ल्यू म्हणजे आकाशाच्या अगदी एक-दोन अष्टमांश का असेना, तर ते जोरदार वादळाचं लक्षण समजा.

सिग्मेट मुंबई एफआयआरसाठी (मुंबईच्या हवाई माहिती क्षेत्रासाठी) निघतो आणि सातारा-सांगली त्यातच येतात. त्याची आकृती मोठी असते, अर्धा महाराष्ट्र व्यापणारी. मार्ग आत पडला म्हणून लगेच बेत रद्द करू नका आणि आकृतीच्या कडेने निघतो म्हणून बिनधास्तही राहू नका. आकृतीवर टिचकी मारून ढगांच्या माथ्याची उंची, सरकण्याची दिशा आणि संपण्याची वेळ वाचा.

उन्हाळ्यात आणखी एक गणित ॲपला करायला लावा, किंवा हाताने करा. धावपट्टी १,९०० फूट, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००६, तापमान ३९. दाबाची उंची झाली सुमारे २,१००. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ च्या जवळ, फरक २८, गुणिले १२०, हे त्या २,१०० मध्ये मिळवायचं. विमानाला वाटणारी उंची ५,५०० फुटांच्या घरात जाते. म्हणजे कऱ्हाडच्या धावपट्टीवर उभं असलेलं इंजिन महाबळेश्वरच्याही वर असल्यासारखं दमतं. ॲप हे तापमान कुठून घेतं ते तपासा. कोल्हापूरच्या सकाळच्या मेटारमधून घेत असेल तर दुपारचं उत्तर चुकीचं येईल.

उड्डाणाच्या दिवशीचा क्रम

आदल्या संध्याकाळी मॉडेल बघा: दोन मॉडेल, उड्डाणाच्या उंचीचा वारा, आणि हंगामाप्रमाणे एक रंगीत लेअर. रात्री तापमान-दवबिंदूचं अंतर टिपून ठेवा. पहाटे सर्वांत आधी हवामान खात्याची अधिकृत ब्रीफिंग काढा. उड्डाणाचा आधार ती, ॲप तिला पूरक. मग मेटार पाठोपाठचे तीन वाचा, फक्त शेवटचा नको. क्यूएनएच पडतोय का, दवबिंदू जवळ येतोय का, वारा फिरतोय का, हे एका मेटारमधून कळत नाही. टॅफमधली टेम्पो (तात्पुरता बदल) आणि बीईसीएमजी (टिकणारा बदल) ही शब्दचिन्हं तुमच्या पोहोचण्याच्या वेळेशी ताडा. व्हीएफआरसाठी ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, नियंत्रित विमानतळावर ढगांचं छत निदान १,५०० फूट हवं. यातला कुठलाही आकडा काठावर असेल तर 'जाता येईल' या बाजूने वाचू नका.

मग ॲपमध्ये वेळेची पट्टी निघण्याच्या वेळेवर न ठेवता मार्गावरच्या प्रत्येक ठिकाणाच्या तुमच्या वेळेवर सरकवत जा. पुसेगाव, फलटण, बारामती. परतीचा प्रवास दोन तासांनी असेल तर तो वेगळा बघा, कारण दुपारचं हवामान सकाळच्या चित्रात नसतं. हे झालं की मार्गाच्या पट्टीचं उभं छेदचित्र काढा, बऱ्याच ॲपमध्ये ती सोय असते. त्यात जमीन, तुमची उंची आणि ढगांचा तळ एकाच मापात दिसतात. तुमची रेघ आणि तळ यांच्यामध्ये १,००० फूट राहतात का, एवढंच त्यात बघायचं.

निघण्यापूर्वी दहा मिनिटं पुन्हा एकदा ताजं करा आणि इंटरनेट बंद करून ॲप उघडून बघा. घाटाच्या बाजूला आणि माणच्या पठारावर मोबाइलला पट्ट्या नसतात. लेअर टॅबलेटमध्ये उतरलेले नसतील तर वर गेल्यावर कोरी चौकट दिसते. त्याहून वाईट म्हणजे जुनं चित्र ताज्यासारखं दिसत राहतं. रडारचं चित्र मुळातच दहा-पंधरा मिनिटं शिळं असतं. त्यात आणखी वीस मिनिटं संपर्क तुटलेला असेल आणि ढग ताशी ४० किलोमीटरने सरकत असेल, तर तो स्क्रीनवरच्या जागेपासून वीस-बावीस किलोमीटर पुढे आलेला असतो. टॅबलेटवर ढगांच्या मधली मोकळी जागा दिसली तरी त्यातून वाट काढायची नाही. खिडकीबाहेर समोर काळं दिसलं की वळा, आणि वळल्यावर कुठे उतरायचं ते नाव कऱ्हाड सोडण्यापूर्वीच प्लॅनवर लिहिलेलं असू द्या.